व्हॉट्सॲप ग्रुप, डुप्लिकेट वही की भिंतीवरचा मार्कर? घराच्या कामात टीमशी बोलायच्या साधनांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो. दोन प्रती निघणारी डुप्लिकेट वही: पाचपैकी साडेचार. भिंतीवरचं मार्किंग: चार. व्हॉट्सॲप ग्रुप: तीन. गूगल शीट: अडीच. आणि 'अहो, फोनवर बोललो होतो की आपण' याला भोपळा.

गुण देताना निकष एकच लावला आहे. सकाळी साडेअकराला गवंडी थापी घेऊन बाथरूमच्या भिंतीसमोर उभा असतो. मालक हिंजवडीत मीटिंगमध्ये, डिझायनर बाणेरच्या दुसऱ्या साइटवर, सुपरवायझर भवानी पेठेत प्लाय बघायला गेलेला. माल कालवून झालाय आणि तो कुणासाठी थांबणार नाही. अशा वेळी शेवटचा ठरलेला आकडा गवंड्याला कुणालाही फोन न करता सापडतो का? सापडला तर साधन चांगलं. नाही सापडला तर तो अंदाजानं लावून मोकळा होतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप: ३/५

फुकट आहे, सगळ्यांकडे आहे आणि मेसेजला तारीख-वेळ आपोआप लागते. तीन गुण याचेच. भिंतीत पाइप-वायरसाठी पाडलेली झिरी बुजवण्याआधी वायरिंगचा फोटो, टाइल लावण्याआधी पाइपांचा फोटो, टाइलच्या खोक्यावरच्या बॅच नंबरचा फोटो, यासाठी ग्रुपसारखं दुसरं काही नाही. फक्त फोटोत मेजरिंग टेप उलगडून धरलेली हवी, एक टोक जमिनीला किंवा कोपऱ्याला टेकलेलं. टेपशिवाय काढलेला पाइपचा फोटो दोन वर्षांनी गीझरसाठी ड्रिल मारताना काहीच सांगत नाही. ड्रॉइंग मात्र साधा फोटो म्हणून पाठवू नका. आकार कमी होताना बारीक आकडे फुटतात आणि ३ चा ८ दिसायला लागतो. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ते जमत नसेल तर फोटो पाठवताना निदान एचडी निवडा.

गाडी अडते ती निर्णयांपाशी. कुठल्याही घराच्या ग्रुपमध्ये सापडेल असा हा नमुना:

'मिस्त्री, ओटा ३३ चा घ्या.'
'ओके ताई.'
आणि मधे टाइलचे बारा फोटो झाल्यावर: 'आईंना ३२ बरा वाटतोय, बघा जरा.'
त्यावर सुताराचा अंगठा.

हा अंगठा म्हणजे 'वाचलं' की 'करतो'? ओटा बांधणार गवंडी, अंगठा दिला सुतारानं. शिवाय ३३ असोत की ३२, मोजायचे कुठून कुठपर्यंत? जुन्या फरशीवरच नवीन टाइल चिकटवायची असेल तर १० मिमीची टाइल आणि ४ मिमीची चिकटवणी मिळून जमीन १४ मिमी वर येते. वर ग्रॅनाइट १८ मिमीचं. एकानं ३३ इंच जुन्या फरशीपासून ग्रॅनाइटच्या माथ्यापर्यंत धरले आणि दुसऱ्यानं नव्या फरशीपासून ग्रॅनाइटच्या खालपर्यंत, तर दोघांच्या ओट्यात सव्वा इंचाचा फरक पडतो. दोघांनीही ३३ च ऐकलेलं असतं. ट्रॉल्या फॅक्टरीतून तयार येणार असतील तर या सव्वा इंचानं एक तर वर फट राहते, नाहीतर खोका आतच जात नाही.

भाषेचाही भाग आहे. पुण्यातल्या साइटवर बरीचशी माणसं राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडची असतात. मराठीतला लांबलचक मेसेज वाचला जात नाही, हिंदीतली व्हॉइस नोट लगेच ऐकली जाते. पण पंधरा दिवसांपूर्वीच्या व्हॉइस नोटमधला आकडा शोधायचा म्हणजे एकेक नोट ऐकत बसायचं. म्हणून नोट वीस-तीस सेकंदांचीच, एका नोटमध्ये एकच विषय, शेवटी आकडा दोनदा, आणि तिच्याखाली तोच आकडा टाइप केलेला. खोलीचं नाव आधी, माप नंतर.

सेटिंगमधल्या दोन-तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याचा पर्याय बंद ठेवा. पिन तीनच मेसेज करता येतात, म्हणून पिनवर गप्पा नकोत: चालू ड्रॉइंग, आठवड्याचा कार्यक्रम आणि सोसायटीच्या वेळा. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, पण आकडा बदलायला ही सोय वापरू नका. ज्यानं आधीच वाचलाय तो परत बघायला येत नाही. 'बदल:' असा शब्द सुरुवातीला टाकून नवा मेसेज लिहा. आणि टाइलवाला चौथ्या आठवड्यात ग्रुपमध्ये आला तर आधीचं काही त्याला आपोआप दिसत नाही, हे जवळजवळ प्रत्येक जण विसरतो.

एका घराला एकच ग्रुप. प्लंबरचा वेगळा, सुताराचा वेगळा केला की बेसिनच्या कपाटात ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा वळणदार पाइप, कुठे येणार हे दोघांनाही कळत नाही. ग्रुपात प्रत्येक कामाचा मुख्य माणूस हवा, बिगारी नकोत. पैशांचं बोलणं ग्रुपवर नको. सोसायटीच्या चेअरमनना तर यात घेऊच नका.

डुप्लिकेट वही: ४.५/५

दुकानदार बिलं फाडतात तीच. वरचं पान फाडून देता येतं, खालची प्रत वहीत राहते, दोन्हींवर एकच छापील नंबर. हा नंबर हीच या वहीची खरी किंमत. साधी दोनशे पानी वही घेऊन प्रत्येकाची सही घेतली तरी साइटवर प्रत राहत नाही, आणि वही डिझायनरच्या गाडीत असली की संपलं.

वापर असा. निर्णय झाला की जागेवरच, टेप हातात असताना, पान लिहायचं. वरचं पान काम करणाऱ्याला. तो ते खिशात ठेवतो किंवा चिकटपट्टीनं त्याच भिंतीवर लावतो. खालची प्रत वहीत. पानाचा फोटो ग्रुपवर. व्हॉट्सॲपचं काम इथे पोस्टमनचं. ओट्याचं पान साधारण असं दिसतं:

पान १४. किचन. ओटा: नवीन तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या माथ्यापर्यंत ३३ इंच. ग्रॅनाइट १८ मिमी. टाइल जुन्या फरशीवर, चिकटवणीसह १४ मिमी. करणार: गवंडी. कळवायचं: ट्रॉलीवाला, प्लंबर. पान ९ रद्द.

आणि दोन सह्या. 'पान ९ रद्द' हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. लगेच वहीतल्या पान ९ वर तिरकी रेघ मारून 'पान १४ बघा' असं लिहायचं आणि भिंतीवरचं ९ काढून फाडून टाकायचं. साइटवर दोन कागद जिवंत राहिले की जुनाच आधी सापडतो.

मापाचं एकक प्रत्येक वेळी लिहा. सुतार इंच आणि सुतात बोलतो: आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. ट्रॉलीची फॅक्टरी मिलिमीटरमध्ये. फरशीवाल्याची टाइल ६०० बाय १२०० मिमी, पण तो म्हणतो दोन बाय चार. इलेक्ट्रिशियन उंची फुटात सांगतो आणि बॉक्स मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्विचच्या किती जागा त्यात. नुसतं '३४' लिहिलेला कागद चार हातांत चार अर्थ घेतो. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत एकदाच लिहून ठेवा की लाकूडकाम आणि ट्रॉल्या मिमीमध्ये, बाकी सगळं इंचात, आणि उंची नेहमी तयार फरशीपासून.

'तयार' हा शब्द बाथरूममध्ये सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. एस-ट्रॅपच्या, म्हणजे आउटलेट खाली जमिनीत जाणाऱ्या, कमोडचं अंतर भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत मोजतात, बाजारात ९ इंची आणि १२ इंची मिळतात. प्लंबरनं उघड्या विटेपासून १२ इंच धरले, मग त्यावर प्लास्टर, चिकटवणी आणि टाइल मिळून इंचभर जाडी आली, की अंतर ११ उरतं आणि टाकी भिंतीला अडून कमोड बसतच नाही. तोवर वॉटरप्रूफिंग होऊन गेलेलं असतं. पानावर कमोडचा मॉडेल नंबर आणि 'तयार टाइलपासून १२ इंच' एवढं असलं की पुरे. डायव्हर्टरचंही, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणाऱ्या कॉकचंही, तेच. भिंतीत बसणाऱ्या त्याच्या बॉडीवरच्या प्लॅस्टिक कव्हरवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात, टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे यायला हवा. बॉडी फार आत गेली तर एक्स्टेन्शन शोधत फिरा, बाहेर राहिली तर वरची प्लेट टेकत नाही. प्लंबर बॉडी बसवताना टाइलचा एक तुकडा हातात असेल तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून 'टाइलचा नमुना प्लंबरला दिला' हेसुद्धा वहीत एक ओळ म्हणून लिहावं.

वहीचा दुसरा उपयोग जादा कामांचा. भांडणं बहुतेक इथेच होतात, कारण दर बोलून झालेला असतो आणि मोजायचं कसं ते बोलायचं राहिलेलं असतं. सुताराचा वॉर्डरोबचा स्क्वेअर फुटाचा दर दर्शनी बाजूचा की आतल्या कप्प्यांसकट? टाइलवाल्याचं स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि टाइलच्या कडेचा पंचेचाळीस अंशांचा काप रनिंग फुटानं वेगळा का? इलेक्ट्रिशियन एका बोर्डावरच्या तीन दिव्यांना तीन पॉइंट धरतो का, आणि एसीच्या ४ स्क्वेअर मिमी वायरचा पॉइंट साध्या दिव्याच्या दीड स्क्वेअरच्या भावात आहे का? रंगारी खिडक्या-दारं वजा करतो की नाही? राडारोडा गोणीत भरून खाली आणणं आणि सोसायटीच्या गेटबाहेर नेऊन रीतसर टाकणं ही दोन कामं आहेत, दोन्हींचे पैसे कुणाकडे? एकेक ओळ, दर आणि मोजणी, काम सुरू होण्याआधी. सहीशिवाय जादा काम नाही, हे दोन्ही बाजूंनी पाळायचं. हप्ता यूपीआयनं देताना शेरा लिहायची जागा असते, तिथे 'बाथरूम टेस्ट पास, पान २२' असं टाका, हिशेब आपोआप जुळतो.

अर्धा गुण का कापला? एक तर जेल पेननं लिहिलं की खालची प्रत कोरी निघते. साधं बॉलपेन हवं आणि दाबून. खाली पुठ्ठा सरकवला नाही तर पुढच्या चार पानांवरही अक्षरं उमटतात. बिनकार्बनच्या आधुनिक वह्या दिसायला छान, पण टेपच्या कडेनं ओरखडा गेला तरी निळी रेघ उठते आणि खिडकीत ठेवल्या तर अक्षर फिकं होतं. साइटवर जुना निळा कार्बनच बरा. दुसरं, वही लिहायला कुणीतरी हजर लागतं. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, काम सुरू होताना अर्धा तास, एवढा वेळ द्यायचा नसेल तर घेऊ नका.

भिंतीवरचं मार्किंग: ४/५

गवंड्याच्या डोळ्यांसमोर सतत असणारी गोष्ट म्हणजे भिंत, तेव्हा आकडा तिथेच. सगळ्यात आधी लेव्हल पाइपनं किंवा लेझरनं घरभर एक रेघ मारून घ्या, तयार फरशीपासून बरोबर एक मीटर वर. मग प्रत्येक उंची या रेघेच्या वर किंवा खाली मोजायची. फरशी अजून झालेलीच नाही, उंची कशी धरू, हा प्रश्न संपतो. स्विचबोर्ड चार फुटांवर, एसीचा पॉइंट सात फुटांच्या आसपास, बेडच्या बाजूचा प्लग साइड टेबलच्या माथ्याच्या वर, सगळं त्या रेघेवरून.

रंग ठरवून टाका: लाल वीज, निळा पाणी, काळा सुतार. बोर्ड नुसता चौकोन काढून दाखवू नका, मॉड्यूलची संख्या लिहून खऱ्या आकाराचा काढा. आठ मॉड्यूलच्या जागी सहाचा बॉक्स बसला की नंतर वाढवायला परत भिंत फोडावी लागते. तोडफोडीच्या दिवशी फुली म्हणजे तोडायचं, गोल म्हणजे ठेवायचं, आणि बीम-कॉलमवर मोठ्या अक्षरात 'आरसीसी, हात लावू नये'. पुण्यात भिंतीवर पाटी लावून बजावायची परंपरा आहेच, तिचा इथे सदुपयोग होतो. पण बजावणं हिंदीतही लिहा.

तोटा: जी भिंत फक्त रंगवायची आहे तिच्यावर परमनंट मार्कर चालवला तर त्याची शाई प्रायमर आणि इमल्शनमधून परत वर येते. तिथे सुताराची पेन्सिल. आणि पुट्टी लागली की सगळं गडप, म्हणून त्याआधी प्रत्येक भिंतीचा टेपसकट फोटो. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूमच्या जमिनीवर टाकीसारखं पाणी भरून गळतीची टेस्ट करताना पाण्याच्या पातळीवर भिंतीला रेघ मारून बाजूला तारीख-वेळ लिहा. किमान २४ तास, जमल्यास ४८. रेघ नसेल तर पाणी उतरलं की नाही यावर नुसती चर्चा होते. टेस्टच्या आधी खालच्या मजल्यावरच्या मंडळींना सांगून त्यांच्या छताचा फोटो काढून ठेवावा, जुना डाग नंतर तुमच्या नावावर लागत नाही. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असल्याच्या सूचना येतच असतात, तेव्हा हे पाणी भरण्याचा दिवस बघून ठरवा.

ड्रॉइंगची ए३ प्रिंट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्या त्या खोलीत लावणं हे मार्किंगचंच भावंड. प्रत्येक प्रिंटवर तारीख आणि सुधारणेचा आकडा. नवी लावणाऱ्यानंच जुनी खाली घेऊन जायची.

गूगल शीट: २.५/५

मालक आणि डिझायनर या दोघांपुरती उत्तम, साइटवर तिला कुणी उघडत नाही. खरेदीच्या यादीसाठी वापरा: वस्तू, कोड, फिनिश, किती, कोण आणणार, साइटवर कधी हवी. लॅमिनेटचा नुसता नंबर लिहू नका, फिनिशचं अक्षरही लिहा, कारण त्याच नंबरचं चकचकीत आणि मॅट वेगळं दिसतं. टाइलची मागणी खोक्यात करा. दोन बाय चारच्या खोक्यात बहुधा दोन टाइल, साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट. तुटफूट पाच ते दहा टक्के धरा आणि सगळी खोकी एकाच बॅचची मागा. नंतर आणलेल्या चार टाइलचा रंग जुळेलच असं नाही. रंगाचा शेड मोबाइलवर ठरवणं तर सोडूनच द्या. दोन बाय दोन फुटांचे पॅच दोन वेगळ्या भिंतींवर, दोन हात मारून, दिवसा आणि दिवा लावून बघायचे.

साधनाबाहेरची गोष्ट

वही कितीही चांगली असली तरी घरातून दोन आवाज जात असतील तर उपयोग नाही. सही करणारं माणूस एकच असावं. बाकीच्यांनी जे बोलायचं ते त्या माणसाशी. सासूबाईंनी दुपारी थेट सुताराला फोन करून देवघराची दिशा बदलली, तर सुतार बिचारा ऐकणारच. त्यालाही सांगून ठेवा, 'दादा, पान मिळाल्याशिवाय काही बदलायचं नाही, कुणीही सांगू दे.' फोन अजिबात नको असं नाही. पाइप फुटला, लिफ्ट बंद पडली, माल गेटवर अडला, तर फोनच. पण फोनवर काही ठरलं तर पुढच्या पानावर ती ओळ चढलीच पाहिजे.

सुट्ट्यांचं पहिल्याच बैठकीत विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. कोकणातली माणसं गणपतीला जाणार, उत्तरेकडची होळीला किंवा छठला, पितृपक्षात घरातली मोठी माणसं खरेदी करू देतील की नाही हेही. दसऱ्याला गृहप्रवेश ठरवलेल्यांनी हे पान आधी भरावं. सोसायटीच्या वेळाही इथेच: ड्रिल कधी चालतं, दुपारी किती ते किती बंद, सामानाला कुठली लिफ्ट, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती वॉचमनकडे दिल्या का.

कुठली घ्यावी

ए५ आकाराची, ५० पानं अधिक ५० प्रती, छापील नंबर असलेली. ए४ खिशात मावत नाही आणि अगदी छोट्या बिलबुकात आकृती काढता येत नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळते. नंबर नसलेली स्वस्त पडते, ती घेऊ नका. टू बीएचकेच्या पूर्ण कामाला दोन वह्या धरा, आणि दुसरी घेताना तिचे नंबर पहिलीच्या पुढचे आहेत का ते दुकानातच उघडून बघा. दोन्ही वह्या १ पासून सुरू झाल्या तर 'पान १४' दोन होतात. पुढचे नंबर मिळाले नाहीत तर दुसऱ्या वहीच्या प्रत्येक नंबराआधी 'ब' लिहून घ्यावा.